मूळपुरुषाचं नाक

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुशीलाबाई चितारींचा दरारा होता. ट्रंक कॉल लागायला उशीर झाला म्हणून पलीकडून एखादी बडी असामी आरडाओरडा करू लागली की त्या शांतपणे म्हणत, "साहेब, तार माझ्या माहेरून ओढलेली नाही. थांबा." आणि साहेब थांबत. वाणी असो, रिक्षावाला असो, रेशनच्या रांगेत मध्येच घुसणारा असो, सगळ्यांशी त्यांचं बोलणं रोखठोक. अशी ही बाई घरात मात्र एका तसबिरीपुढे हरली. हरली कसली, तिला हरवलं गेलं. त्याचा राग त्यांच्या मनात साठीपर्यंत धुमसत होता, आणि साठीनंतर जो आला तो तर विचारूच नका.

तसबीर म्हणजे साधा फोटो नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र. बुधवार पेठेत चितारींचं खाली रेडिओ दुरुस्तीचं दुकान आणि वर तीन खोल्या होत्या, त्यातल्या मधल्या खोलीत ते टांगलेलं असे. डोक्याला लाल पागोटं, अंगात पांढरा अंगरखा, कानामागे खोचलेला कुंचला, आणि तोंडाच्या मधोमध ते नाक. लांब, मध्ये उंचवटा आलेलं, टोकाशी खाली वळलेलं. हे आमचे मूळपुरुष रंगनाथबुवा, असं घरातलं प्रत्येक माणूस आल्यागेल्याला सांगे. सरदारांची, सावकारांची चित्रं काढणारा मोठा कलावंत! त्यांच्यामागे घरात कुणी कुंचला धरला नव्हता. नातवानं फ्रेमा बनवल्या, पणतवानं रेडिओचे व्हॉल्व्ह विकले, आणि त्याचा मुलगा श्यामसुंदर, म्हणजे सुशीलाबाईंचे यजमान, दिवसभर सोल्डरिंग करत बसायचे. चित्रकलेच्या नावानं सगळा आनंदच होता. पण नाक! नाक मात्र ज्याला त्याला हवं होतं.

रंगनाथबुवांचा एक मित्र होता म्हणे, हिंमतराव. तोही चित्रं काढायचा, नाटकांचे पडदे रंगवायचा. घरात त्याचं नाव निघालं की हसू व्हायचं. फुकट जेवायला यायचा, बुवांचेच रंग वापरायचा, बुवांच्याच ओसरीवर लोळायचा. कुणी आयतं खायला लागलं की सासूबाई म्हणायच्या, "काय रे हिंमतराव, अजून वाढू का?"

आणि या घरात एक रीत होती. बारशाच्या दिवशी मूल पाळण्यात घालण्याआधी 'बुवांना दाखवायचं'. घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं मूल तसबिरीसमोर धरायचं, एकदा वर बघायचं, एकदा खाली बघायचं, आणि मुलात बुवांचं काय उतरलंय ते सगळ्यांदेखत सांगायचं. कुणाच्यात कपाळ उतरायचं, कुणाच्यात जिवणी. नाक उतरलं की टाळ्या. दिराच्या मुलाचं, दिग्विजयचं, नाक उतरलं होतं. त्या दिवशी यमुनाबाईंनी, म्हणजे सुशीलाबाईंच्या सासूबाईंनी, सगळ्या आळीत पेढे वाटले होते.

मग दीपमाला झाली. सुशीलाबाईंची पहिली आणि एकुलती एक.

बारा दिवसांच्या पोरीचं नाक ते काय असणार? बोराएवढं! त्यात काय दिसणार होतं, डोंबल? पण यमुनाबाईंनी पोरीला वर धरलं, वर बघितलं, खाली बघितलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हे नाक काही आमच्या घरातलं नाही."

बायका हसल्या. सासूची थट्टा म्हणून सुशीलाबाईही हसल्या. तेव्हा हसायला नको होतं, असं त्या पुढे नेहमी म्हणायच्या. कारण थट्टा तिथं संपली नाही. सुशीलाबाईंना एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी असायची. संध्याकाळी डबा घेऊन जायच्या, उजाडल्यावर परत यायच्या. ऑफिसात पुरुष होते, हे काही गुपित नव्हतं. एवढ्यावर काय काय रचता येतं ते पेठेतल्या बायकांना शिकवावं लागत नाही. यमुनाबाईंनी कधी सरळ शब्दांत आरोप केला नाही. त्या हुशार होत्या. त्या फक्त एवढंच म्हणायच्या, "नाक आमचं नाही बाई. आता कुणाचं ते देवाला ठाऊक." आणि भाजी निवडायला घ्यायच्या.

पहिल्यांदा हे कानावर आलं त्याच रात्री सुशीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तुमच्या आईला सांगा. एकदाच सांगा, पण ठणकावून सांगा."

"सोड ना. म्हातारी माणसं बोलतातच."

"माझ्यासाठी नाही म्हणत मी. पोरीला बोलतात त्या."

"पोर लहान आहे, तिला काय कळतंय."

पोर मोठी झाली, तिला कळायला लागलं, तरी श्यामसुंदररावांच्या तोंडातली मिठाची गुळणी काही सुटली नाही. माणूस वाईट नव्हता हो. व्यसन नाही, हात उगारणं नाही, पगाराचा हिशेब मागणं नाही. पण गप्प! असा गप्प, की समोर घर पेटलं असतं तरी यांनी आधी दुकानाचं शटर नीट लागलंय का ते बघितलं असतं.

आणि सगळ्यात संतापाची गोष्ट कोणती? त्या तसबिरीची सेवा सुशीलाबाईंकडेच होती! दर अमावास्येला ओल्या फडक्यानं पुसायची, खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, कपाळाला गंध लावायचं, हार घालायचा. सुनेचं काम. ज्या थोबाडामुळे आपल्या पोरीला नकटी म्हणतात, त्याच थोबाडाला चमकवायचं. सुशीलाबाई फडकं फिरवताना त्याच्या डोळ्यांत बघून पुटपुटायच्या, "मेल्या, तुझं एक नाक म्हणून किती माजावं या लोकांनी!" बुवा काही बोलायचे नाहीत. त्या घरातल्या पुरुषांची तीच परंपरा असावी.

दीपमाला अकरावीत असताना एकदा कॉलेजातून आली आणि चप्पल न काढता थेट दुकानात वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. चुलतभावानं भांडणात काहीतरी बोलून दाखवलं होतं. तिनं विचारलं, "बाबा, मी खरंच तुमची ना?"

सुशीलाबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. हातातली किराणाची पिशवी त्यांनी खाली ठेवली, आणि नवरा काय म्हणतो याची वाट बघत तिथंच थांबल्या. श्यामसुंदररावांनी मुलीकडे बघितलं. मग वर, माडीकडे बघितलं, जिथं त्यांची आई बसली होती. मग म्हणाले, "वेडी आहेस का? जा, चहा घे जा." आणि सोल्डरिंगची सळई उचलली.

वेडी आहेस का! ते उत्तर झालं? 'हो' म्हणायला काय जिभेला फोड आला होता? सुशीलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी त्या जिन्यातच नवऱ्याला अद्वातद्वा बोलल्या, गिऱ्हाइकांदेखत बोलल्या. आणि त्याच दिवशी त्यांच्या मनानं घेतलं, की या माणसाच्याही मनात शंका आहे. असणारच. नाहीतर बाप 'हो' म्हणायला कचरेल कशाला?

हे एकदा मनाशी ठरल्यावर त्यांना, खरं सांगायचं तर, थोडं सोपं गेलं. शंका हा एक रोगच. या माणसाला तो त्याच्या आईनं लावलाय. तोही आतून जळत असेल, रात्री जागा राहत असेल, आपल्याकडे बघून विचार करत असेल. अशा माणसाची चीड येते, पण कीवही येते. त्या किवेच्या जोरावर सुशीलाबाईंनी संसार केला. नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर हॉस्पिटलात उशाशी बसल्या, ते त्या किवेपोटीच. एवढंच मनात धरलं होतं, की कधीतरी हा माणूस पोरीसमोर उभा राहून म्हणेल, चुकलो, तू माझीच. एक वाक्य. त्याहून जास्त काही नको.

काळ बदलला. घरोघरी फोन आले, ट्रंक कॉल गेले, एक्स्चेंजमध्ये कॉम्प्युटर आले आणि सुशीलाबाईंना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. रेडिओ कुणी दुरुस्त करेना, तेव्हा दुकानात आधी कॅसेट प्लेअरचे हेड, मग कॉम्प्युटरचे माऊस आणि केबली आल्या. शेवटी दुकान गेलं, पेठेतलं बिऱ्हाड गेलं, आणि चितारी मंडळी बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आली. तसबीर अर्थातच बरोबर. दीपमाला इंजिनिअर झाली, लग्न करून बंगलोरला गेली, तिथल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर चढली. लग्नाच्या दिवशी निघताना सगळ्यांनी तसबिरीच्या पाया पडायचं होतं. यमुनाबाई म्हणाल्या, "तिला कशाला उगीच वाकायला लावता? तिचा काय संबंध?" मुंडावळ्या बांधलेली पोर तिथं उभी, आणि बाप हाराच्या पुड्याची गाठ सोडवत बसला होता. ती गाठ काही सुटेना.

त्यानंतर दीपमाला पुण्यात आली तरी घरी राहायची नाही. आईला हॉटेलात भेटायला बोलवायची. पुढे यमुनाबाई गेल्या. सुशीलाबाईंनी दिवस नीट घातले, आणि तेराव्यानंतर फडकं नवऱ्याच्या हातात देऊन म्हणाल्या, "आता तुमचे बुवा तुम्ही पुसा."

आता या दिग्विजयचं बघा. मुलगा गुणी होता, नाही म्हणून चालणार नाही. अमेरिकेत सहा-सात वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काढून पुण्यात परतला, हिंजवडीत ऑफिस, बाणेरला मोठा फ्लॅट. त्याची बायको नम्रता बाळंत झाली, मुलगा झाला. अमेरिकेत राहून आलेल्या माणसाला आपल्या मुळांचं जरा जास्तच कौतुक असतं. त्यानं ठरवलं, बारसं झोकात करायचं, हॉल घ्यायचा, आणि बुवांना दाखवायची रीत सगळ्यांसमोर करायची. आमंत्रणाच्या कार्डावर तसबिरीचा फोटोही छापून घेतला. फक्त तसबीर फार काळी पडली होती. म्हणून त्यानं कोथरूडच्या एका बाईंकडे ती साफ करायला दिली. जुनी तैलचित्रं साफ करण्याचं शिक्षण घेतलेल्या बाई होत्या त्या.

बारशाच्या चार दिवस आधी त्या बाईंचा फोन आला. दिग्विजय काका-काकूंना गाडीत घालून कोथरूडला घेऊन गेला.

तसबीर टेबलावर आडवी ठेवलेली होती, फ्रेम काढून. काजळी, धूर, तेल सगळं गेलं होतं. कपाळावरचा रंग मात्र झिजून खालचं कापड दिसू लागलं होतं. बाई म्हणाल्या, "गंध आणि तेल लावून लावून खाल्लाय तो. पुढे लावू नका. पण मी तुम्हाला वेगळंच दाखवायला बोलावलंय." आणि त्यांनी खालच्या कडेवर बोट ठेवलं. फ्रेमेच्या रुंद पट्टीखाली इतकी वर्षं झाकलेला भाग तो. तिथं मोडीत नव्हे, चांगल्या ठळक बाळबोध अक्षरांत लिहिलं होतं: स्नेही हिंमतराव यांची तसबीर. काढणार रंगनाथ चितारी, पुणें, शके १८०३.

दिग्विजयनं ते दोनदा वाचलं.

"म्हणजे हे..." दिग्विजयनं सुरुवात केली.

"म्हणजे हे तुमचे पूर्वज नव्हेत, त्यांचे मित्र," बाई म्हणाल्या. "चित्र मात्र तुमच्या पूर्वजांच्या हातचं. फार मायेनं काढलंय हो. एका चित्रकारानं दुसऱ्या चित्रकाराला असं बसवून काढलेलं मी तरी कमीच पाहिलंय."

कानामागे कुंचला! तेवढ्यावरून या लोकांनी ठरवलं होतं. कुंचला म्हणजे चित्रकार, आपल्या घरातला चित्रकार एकच, म्हणजे हा तोच. काढणारा चित्राच्या बाहेर बसलेला असतो, हे चितारी आडनावाच्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. शंभर वर्षं ज्याला फुकट्या म्हणून हसले, त्यालाच गंध लावत होते!

सुशीलाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं. धुतल्यावर तो माणूस अगदीच तरुण निघाला. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, समोरच्या मित्रानं काहीतरी चावट बोलल्यासारखं. बिचारा. याचा काय दोष? आयुष्यभर आपण याला शिव्या घातल्या. त्यांना त्याची माफी मागावीशी वाटली, आणि त्याच क्षणी सगळा राग सुटा झाला, कुणावर जाऊन पडावं ते शोधत फिरू लागला.

दिग्विजय म्हणाला, "काकू, काका, एक काम करू. फ्रेम परत बसवली की ते झाकलं जाईल. कार्डं वाटून झालीयेत. लेट्स नॉट मेक इट अ बिग इश्यू."

"तेच बरं," श्यामसुंदरराव म्हणाले.

घरी पोचून दार लागल्याबरोबर सुशीलाबाईंनी पिशवी सोफ्यावर आपटली. "तेच बरं? काय बरं? माझ्या पोरीला ज्या नाकावरून तुमच्या आईनं जन्मभर छळलं, ते नाक भलत्याचंच निघालं, आणि तुम्ही म्हणता तेच बरं?"

"अगं, पण आता आई नाही. दीपमाला सुखात आहे. आता उकरून काय मिळणार?"

"तिला मिळेल. तिला तिचा बाप मिळेल! अहो, तुम्हाला शंका आली असेल, मी समजू शकते. सगळे म्हणत होते, तुम्हीही मानलंत. पण आता तर पुरावा तुमच्या डोळ्यांनी बघितलात ना? मग तिला समोर बसवून सांगा, चुकलं म्हणून. बारशाला सगळे जमतील, तिथं सांगा. जिथं तिला नावं ठेवली तिथंच सांगा."

श्यामसुंदरराव बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग म्हणाले, "बरं. सांगतो."

सुशीलाबाईंनी त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. मग बंगलोरला फोन लावला आणि मुलीला सगळं सांगितलं. दीपमाला हसली नाही, रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

"तुला सांगणार आहेत. सगळ्यांसमोर. ये तू."

तिनं बारशाची तारीख विचारली. मग ती म्हणाली, "येते."

बारशाला हॉल गच्च भरला होता. दिग्विजयच्या ऑफिसातली मंडळी, नम्रताचं माहेर, चितारींची सगळी शाखा. व्यासपीठावर पाळणा, आणि शेजारी तिवईवर तसबीर. फ्रेम पुन्हा बसवलेली, आणि खालची पट्टी आधीपेक्षाही रुंद. सुशीलाबाईंनी ते पाहिलं आणि ओठ आवळले. म्हटलं, असू दे, झाकू दे त्याला. आज बोलायचं दुसऱ्यानं आहे. दीपमाला त्यांच्या शेजारी बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून, शाळेतल्या मुलीसारखी.

घरात आता वडीलधारी बाई म्हणजे सुशीलाबाईच. पण दिग्विजयनं शहाणपणा केला. माईकवर म्हणाला, "बुवांना दाखवायचा मान आज श्यामकाकांना." काका उठले, बाळ हातात घेतलं, तसबिरीसमोर धरलं. वर बघितलं. खाली बघितलं. सुशीलाबाई खुर्चीच्या टोकावर सरकल्या. आता. आता बोलतील.

"नाक," श्यामसुंदरराव म्हणाले, आणि हसले, "नाक अगदी रंगनाथबुवांचं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढचं झालं ते इतकं पटकन झालं, की सुशीलाबाई व्यासपीठावर कधी चढल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांनी माईक घेतलाच नाही. एक्स्चेंजमधल्या आवाजाला माईक लागत नाही. "खोटं!" त्या म्हणाल्या. "ही तसबीर रंगनाथबुवांची नाहीच. ही हिंमतरावांची. तोच तुमचा फुकट्या हिंमतराव! खाली लिहिलंय, रंगनाथबुवांनीच लिहिलंय. चार दिवसांपूर्वी या दोघांनीही वाचलंय, आणि आज त्यावर पट्टी ठोकलीये. या नाकापायी माझ्या मुलीला तुम्ही सगळ्यांनी या घरातून उठवलंत. आता एक करा. ज्यांची ज्यांची नाकं या तसबिरीसारखी आहेत ना, त्यांनी घरी जाऊन विचार करत बसावं, आपण कोणाचे!"

दिग्विजयचा हात आपसूक आपल्या नाकाकडे गेला. आणि तेवढ्यात सुशीलाबाईंची नजर नम्रतावर पडली. बाळंतपणानं ओढलेली ती पोर, नऊवारीत अवघडून बसलेली, घाबरून आपल्या बाळाकडे बघत होती. अरे देवा. हे मी काय बोलले? कुणाच्या पोरीला बोलले?

त्या झटकन तिच्याजवळ गेल्या. "तुला नाही गं म्हणाले. तुझ्या बाळाचं नाक बोराएवढं आहे. बारा दिवसांच्या बाळाचं तेवढंच असतं. यांना कुणाला काही दिसत नाही, कधी दिसलंच नाही. परत कुणी बोललं तर सरळ माझं नाव सांग." नम्रतानं त्यांचा हात धरून ठेवला.

नातेवाईक कुजबुजायला लागले. एक आत्या म्हणाली, "शुभकार्यात हे कशाला?" आणि मग, बहुधा सगळं सावरायचं म्हणून, श्यामसुंदरराव माईकजवळ गेले. घसा खाकरला. दीपमाला उठून उभी राहिली.

"हिचं म्हणणं खरं आहे," ते म्हणाले. "तसबीर हिंमतरावांची आहे. पण एक सांगतो. मला दीपमालेबद्दल कधीच शंका नव्हती. एक क्षणभर नव्हती. तिचं नाक माझ्या मामांचं आहे, आईच्या भावाचं. मामा मी लहान असतानाच गेले, म्हणून हिनं त्यांना पाहिलेलं नाही. पण मी तर बारशाच्या दिवशीच ओळखलं होतं."

"वा! झालं तर मग!" मागून कुणीतरी म्हणालं. "मिटलं म्हणायचं!" पुन्हा थोड्या टाळ्या पडल्या. श्यामसुंदररावांच्या चेहऱ्यावर मोठं काम हातावेगळं केल्याचं समाधान पसरलं.

बारशाच्या दिवशीच ओळखलं होतं!

सुशीलाबाईंना वाटलं, कुणीतरी आपल्या कानशिलात मारली. म्हणजे हा माणूस जळत नव्हता. जागा राहत नव्हता. त्याला काही रोग नव्हता. सगळं माहीत असून छान झोपत होता! आणि यमुनाबाईंना आपल्या सख्ख्या भावाचं नाक ओळखू आलं नसेल? दोघांना ठाऊक होतं. आई बोलत राहिली, मुलगा ऐकत राहिला. मधल्या मध्ये आपण याची कीव करत राहिलो, याच्या उशाशी बसलो, याच्यासाठी मऊ भात शिजवला.

दीपमाला व्यासपीठाच्या पायरीपर्यंत आली होती. आवाज न चढवता तिनं विचारलं, "बाबा, अकरावीत असताना मी दुकानात येऊन विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"अगं, आई वर बसली होती ना. तिच्यासमोर कसं..."

"आजीला जाऊन इतकी वर्षं झाली."

श्यामसुंदररावांनी माईकची वायर हातात घेतली आणि तिचा पीळ सरळ करू लागले.

दीपमालानं पर्स खांद्याला लावली. नम्रताच्या बाळाच्या हातात तिनं आणलेलं वाळं दिलं, आणि चालू लागली. सुशीलाबाईंनी खुर्चीवरची आपली शाल उचलली. त्यांचे पाय ठाम पडत होते. दाराशी श्यामसुंदरराव धावत धावत मागून आले. धाप लागली होती त्यांना.

"कुठे निघालीस?"

"हिच्याबरोबर. बंगलोरला."

"परत कधी येणार?"

त्यांनी शाल खांद्यावर नीट घेतली.

"अगं, पण शंका घेतली नाही मी! मी तर नेहमी..."

"शंका घेतली असतीत तर माफ केलं असतं," सुशीलाबाई म्हणाल्या. "मी आज तेवढ्यासाठीच आले होते."

दीपमालानं रिक्षाला हात केला. आत सगळे जेवायला बसू लागले होते, वाढप्यांची लगबग ऐकू येत होती. श्यामसुंदररावांनी एकदा हॉलकडे बघितलं, एकदा रिक्षाकडे, आणि हळूच म्हणाले, "लोक विचारतील. काय सांगू त्यांना?"

सुशीलाबाई रिक्षात बसल्या, पदर आत ओढून घेतला.

"काही सांगू नका," त्या म्हणाल्या. "तेवढं तुम्हाला छान जमतं."